ओवाळणीचे पैसे, बाबांचे कान

प्रश्न : ताई, यंदाची माझी पहिल्या पगाराची दिवाळी. बाबा एसटीत कंडक्टर होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहाटे पाचला उठून मोबाइलवर अभंग लावतात, तेही पूर्ण आवाजात. आई आणि वहिनी कुरकुरतात, मग ते मोबाइल घेऊन गच्चीवर जाऊन बसतात. पाडव्याला त्यांना इअरफोन द्यायचेत. बाराशेच्या वर जाणं जमणार नाही. सेलमध्ये ४,९९९चे इअरबड्स ९९९ला दिसताहेत. घेऊन टाकू का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : घाई करू नकोस. आणि तो ४,९९९चा आकडा आधी डोक्यातून काढून टाक. खोक्यावर छापलेली किंमत आणि वस्तू वर्षभर ज्या भावाने विकली जाते तो भाव, यांचा या धंद्यात फारसा संबंध नसतो. साताऱ्यात इअरफोनच्या दुकानात काउंटरमागे बसून मी हे रोज बघते. सेल उठल्यावरही तो डबा हजार-अकराशेलाच जातो.

तुझ्या पत्रातलं गच्चीचं वाक्य मात्र मला लागलं. बाबा आवाज पूर्ण का ठेवतात, ते आधी बघ. नुसती सवयही असेल. पण खडखडणाऱ्या गाडीत अख्खी नोकरी काढलेल्या माणसाचे कान थकलेलेही असू शकतात. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं गं, पण शब्द लागत नाहीत.’ एकदा त्यांच्या पाठीमागे उभी राहून नेहमीच्या आवाजात काहीतरी विचार. शब्द निसटत असतील तर इअरफोनच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि पाच मिनिटांत काम होतं. खरंच कमी ऐकू येत असेल तर इअरफोनवर आवाज आणखी वाढवून उरलेले कान घालवू नका.

कान ठीक निघाले, तर पुढचं माझ्या घरात घडलेलं सांगते. मीही माझ्या वडिलांना असेच छोटे बिनवायरचे इअरबड्स दिले होते. दोन महिने त्यांनी कौतुकाने वापरले. मग धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी धुण्याच्या बादलीच्या तळाशी एक बड सापडला. सदऱ्याच्या खिशात राहिला होता. त्याआधी तीन दिवस वडील डबी उघडून बघायचे आणि काही न बोलता मिटून ठेवायचे. मुलीने दिलेली वस्तू हरवली, हे त्यांना सांगवत नव्हतं. तेव्हापासून साठीच्या पुढच्या माणसासाठी कुणी इअरबड्स मागितले की मी आधी विचारते, बोटं कशी आहेत, चष्मा सापडतो का?

तुझ्या बाबांसाठी मी नेकबँड सुचवेन. गळ्यात असतो, हरवत नाही. बॅटरीही मोठी. इअरबडमधली बॅटरी शेंगदाण्याएवढी असते. दोन-अडीच वर्षांत ती दमते आणि आमच्यासारख्यांना ती बदलून देता येत नाही, कारण बडचं कवच चिकटवून बंद केलेलं असतं. नेकबँड घेताना एकच हट्ट धर : बटणं खरी हवीत, बोटाखाली दबतात ती. स्पर्शावर चालणारी नकोत. कान खाजवला की अभंग बंद पडतो आणि माणूस घाबरतो. चार्जिंगचं तोंड टाइप-सी असलेलं बघ, म्हणजे मोबाइलचीच वायर चालते. फेरीला जात असतील तर आयपीएक्स-४ लिहिलेलं घे. पाण्याचे शिंतोडे आणि घाम सोसतं, बादली सोसत नाही. आणि रस्त्याने चालताना एक कान मोकळा ठेवायला सांग.

फोनला जुनं गोल भोक असेल आणि बाबांना चार्जिंगची कटकट नको असेल, तर पाचशेची वायरची जोडीही उत्तम आहे. त्यात कमीपणा मानू नकोस. फोनला फक्त टाइप-सी असेल तर मात्र गोल पिन टाइप-सीत बसवणारं शंभर रुपयांचं जोडतोंड (ॲडॉप्टर) घेऊन फसू नकोस. त्यातल्या काहींच्या आत चिप नसते आणि पुष्कळ फोनवर ती बोलतच नाहीत.

आता आवाज. खोक्यावर १० मिमी, १३ मिमी असे ड्रायव्हरचे, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरच्या मापाचे, आकडे ठळक छापलेले असतात. त्यावरून काही ठरत नाही. हजाराच्या आतले बहुतेक इअरफोन तरुण पोरांसाठी बास, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज, फुगवून केलेले असतात. अभंगात त्याने काय होतं? मृदंग डब्यासारखा घुमतो, गाणाऱ्याचे शब्द त्याच्याखाली दबतात आणि टाळ ‘स्स्स’ असा सुटतो. म्हणून बाबांचा रोजचा, त्यांना पाठ असलेला एक अभंग फोनमध्ये घे आणि दुकानात डेमोचा पीस मागून तोच लाव. स्पिरिटने पुसून द्यायला सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या कडव्यातला प्रत्येक शब्द सुटा ऐकू आला तर घे. डेमो देत नसतील तर दुसरं दुकान बघ.

सोबत तीन मापांची रबरं येतात आणि ती लोक डब्यातच ठेवून देतात. रबर कानात नीट बसलं नाही की आवाज पत्र्यासारखा पातळ येतो, मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो. दोन कानांना दोन वेगळी मापंही लागू शकतात. तू स्वतः बसवून दे. एक कान जरा कमी असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या भागात मोनो ऑडिओ चालू कर, म्हणजे दोन्ही बाजूंना सगळं गाणं येतं.

बिल पक्कं घे. वायरलेस वस्तूवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो टाकून तपासता येतो. बाराशेत हे सगळं बसतं आणि उरलेल्या पैशात एक कापडी पिशवी घे, रात्री नेकबँड ठेवायला.

प्रश्न : मी अकरावीत आहे. भाऊबीजेला भावांनी मिळून ८५० रुपये ओवाळणी घातली. क्लासचे व्हिडिओ आणि गाणी यासाठी इअरफोन हवेत. वायरचे घेतले की चार महिन्यांत एका कानातला आवाज जातो. आता बिनवायरचेच घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, फलटण

उत्तर : भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तुझ्यासारख्या मुलींची रांग असते. पर्समधून घडी घातलेल्या नोटा निघतात, कधी त्यांना कुंकू लागलेलं असतं. मला तो वर्षातला सगळ्यात आवडता दिवस वाटतो, म्हणून नीट सांगते.

तुझ्या इअरफोनमधला स्पीकर बहुधा बिघडलेलाच नाही. वायर बहुतेक वेळा दोन जागी तुटते : पिनेच्या बुडाशी, किंवा एका वायरच्या दोन होतात त्या सांध्यात. वरचं रबर सोललं की आत केसासारख्या तारा दिसतात, एक लाल, एक हिरवी, एक तांब्याच्या रंगाची. मधे ताण सोसायला नायलॉनचा दोरा असतो. या तारांवर लाखेसारखा थर असतो. तो जाळून काढल्याशिवाय डाग (सोल्डर) धरतच नाही. घरी जोडून बघणारे इथेच अडतात आणि जोडी फेकून देतात. हे काम येणारा माणूस नवी पिन लावून शंभर रुपयांत देतो. म्हणजे तुझ्या जुन्या दोन जोड्या अजून जिवंत असतील. त्या आधी शोध.

नवी घ्यायचीच असेल तर ८५० रुपयांत वायरचीच घे, माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशात वायरमध्ये जेवढा स्वच्छ आवाज येतो तेवढा बिनवायरमध्ये येत नाही. काटकोनात वळलेली पिन बघ. तिच्या बुडाशी रबराची लवचिक शेपटी हवी. फोनभोवती करकचून गुंडाळू नकोस, हातावर सैल वेटोळं कर. पिन काढताना वायर ओढायची नाही, पिनेला धरायचं. खोक्यावर ‘ईएनसी’ दिसलं तर ते तुझ्या बोलण्यातला गोंगाट समोरच्यासाठी कमी करतं, तुझ्या कानातला नाही. तुझ्यासाठी काम करतं ते ‘एएनसी’. क्लासच्या व्हिडिओला दोन्हींची गरज नाही.

आणि बाळा, आवाजाचं मनावर घे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ऐकणं चालतं. ९० डेसिबलला तेच फक्त ४ तास होतात. घरी मोजायला सोपी खूण आहे : हातभर अंतरावरून आई साध्या आवाजात बोलली आणि तुला कळलं नाही, तर व्हॉल्यूम जास्त आहे. फटाके चालू असताना अभ्यास करायचा असेल तर आवाज चढवू नकोस. नीट बसणारं रबर घालून गाणं बंद ठेव, तेवढ्यानेही बाहेरचा धडाका बराच अडतो.

प्रश्न : नरक चतुर्दशीपासून उजव्या इअरफोनचा आवाज अगदी बारीक झालाय. पडला नाही, भिजला नाही. काय झालं असेल?
– एक वाचक, वाई

उत्तर : अभ्यंगस्नानाला कानात तेल घातलं होतंत ना? अंग पुसून लगेच इअरफोन घातले की ते तेल जाळीवर बसतं, त्यावर उटण्याची पूड चिकटते. दर दिवाळीनंतर अशा पाच-सात जोड्या माझ्याकडे येतात. रबर काढून साबणाच्या पाण्यात धुवा आणि रात्रभर वाळू द्या. इअरफोन जाळी खाली करून धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलकेच झाडा. टाचणी घालू नका, फुंकूही नका, मळ आत जातो. तरी आवाज उघडला नाही तर बिल शोधून दुकानात न्या. आणि पुढच्या वर्षी तेल घातलेल्या दिवशी कानात काहीच घालू नका, फराळ करताना घरच्यांशी बोला.