वाचकांचे प्रश्न : मशीनवर राहू की प्रोजेक्टमध्ये जाऊ?

प्रश्न : विमानाच्या सांगाड्यातले ॲल्युमिनियमचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी पाच वर्षं प्रोसेस प्लॅनिंग करतोय. फाइव्ह-ॲक्सिस मशीन, फिक्स्चर, सीएमएम (भागाची मापं तपासणारं यंत्र), सगळ्यावर हात बसलाय. आता साहेब मला नवा ऑटोक्लेव्ह आणि असेंब्ली जिग (भाग जोडताना जागच्या जागी धरून ठेवणारी चौकट) यांच्या प्रकल्पात टाकायचं म्हणतायत. मित्र सांगतात, ‘प्रोजेक्टमध्ये गेलास की इंजिनीअरिंग संपलं, एक्सेल भरायचं आणि सप्लायरच्या मागे लागायचं.’ काय करू?

उत्तर : मित्र अगदीच खोटं बोलत नाहीत. तारखांचा पाठपुरावा करण्यात उमेदीची वर्षं घालवलेले इंजिनीअर मी पाहिलेत. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी साहेबांना एक विचारा : यंत्राकडून आपल्याला नेमकं काय हवं, हे कागदावर कोण लिहिणार? तुम्ही लिहिणार असाल तर पुढचं वाचा.

एका ऑटोक्लेव्हच्या चाचणीसाठी मी पुरवठादाराकडे गेलो होतो. (इतर वाचकांसाठी : ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालची भट्टी. साच्यावर कार्बन फायबरचे थर रचायचे, व्हॅक्यूम बॅगेत बंद करायचे आणि साधारण १८० अंश सेल्सियस व सहा-सात बार दाबाखाली क्युअर करायचे, म्हणजे कडक होऊ द्यायचे.) त्यांनी रिकाम्या भट्टीचा आलेख पुढे ठेवला. सगळे थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) एका रेषेत, दृष्ट लागावी असे. पण रिकामी भट्टी चालवायची कुणाला होती? चाचणी भरलेल्या भट्टीत होईल असं आम्ही करारात लिहून घेतलं होतं, त्यामुळे कुरकुरत का होईना, त्यांनी आमच्या साच्याएवढ्या वजनाचा नमुना आत ढकलला. आणि आलेखातल्या रेषा फाकल्या. पंख्याचा गरम नायट्रोजन साच्याची पुढची कड पटकन तापवत होता, पोटाखालचा मागचा थर्मोकपल मात्र रखडला होता. क्युअरची वेळ मोजायची ती या सगळ्यात मागे राहिलेल्यापासून, तोवर पुढची कड गरजेपेक्षा जास्त भाजत राहते. उपाय साधाच निघाला. साचा उंच टेकूंवर घेतला, हवा वळवणारे पत्रे बदलले. हेच यंत्र आमच्या शॉपमध्ये बसल्यावर कळलं असतं, तर ते निस्तरण्याचा खर्च आणि महिने आमच्या बोकांडी बसले असते.

आता सांगा, यात एक्सेल किती आणि हीट ट्रान्सफर किती?

साच्याचा धातू ठरवतानाही हीच गत. पाच मीटरचा ॲल्युमिनियमचा साचा खोलीच्या तापमानावरून १८० अंशांवर नेला की सुमारे १८ मिलिमीटर लांबतो; कार्बनचा भाग जवळजवळ जागचा हलत नाही. तिथे इन्व्हार कामाला येतो, ३६ टक्के निकेल असलेलं लोखंडाचं मिश्रण. तेवढ्याच लांबीला तो मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर थांबतो. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये तो शोधला तेव्हा डोळ्यांसमोर अचूक मोजमापाची साधनं होती, विमानं नव्हती. १९२० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण इन्व्हार महाग आणि जड. जड म्हणजे उशिरा तापणारा, की आलंच पुन्हा त्या मागच्या थर्मोकपलचं रडगाणं. हा तिढा कॅटलॉग चाळून सुटत नाही.

जिगच्या बाबतीत तर तुम्ही सप्लायरच्या पुढे आहात. जाड प्लेटमधला बहुतेक धातू चिप्समध्ये गेला की क्लॅम्प सोडताच भाग कसा कमान टाकतो, हे तुम्ही रोज बघता. असा भाग जिगमध्ये ओढूनताणून बसवला आणि ड्रिल मारलं, तर बाहेर काढल्यावर तो ताण फास्टनरच्या (रिव्हेट, बोल्टच्या) ओळीतच राहतो. ‘भाग हाताच्या दाबाने बसला पाहिजे, क्लॅम्पने ओढून नव्हे’ ही ओळ मागणीपत्रात घालायला मशीनवर उभा राहिलेला माणूसच लागतो.

आणखी एक ठरवून घ्या. पहिल्या भागाच्या तपासणीचा, म्हणजे एएस ९१०२ प्रमाणे केलेला अहवाल मंजूर होईपर्यंत तुम्ही प्रकल्पात राहणार. यंत्र बसलं, फोटो निघाले, की प्रोजेक्टवाले पुढच्या यंत्राकडे पळतात. यंत्र सुरू होणं आणि त्यातून ग्राहकाला मान्य होणारा भाग निघणं, यात कधीकधी अनेक महिने जातात, आणि शिकायचं ते बहुतेक त्याच महिन्यांत असतं. हे दोन्ही मिळत असेल तर बिनधास्त जा. फक्त ‘को-ऑर्डिनेटर’ म्हणून नेत असतील, तर मशीन सोडू नका. पगार थोडा वाढवून दिला तरी.

प्रश्न : मी मेकॅनिकलची. एरोनॉटिकलची पदवी नसेल तर या क्षेत्रात दुय्यम स्थान मिळतं का?

उत्तर : कारखान्याच्या बाजूला नाही. तिथे ड्रॉइंगवरचं जीडी अँड टी (आकार-मापात किती फरक चालेल ते सांगणाऱ्या खुणा) वाचता येतं का, धातू आणि प्रक्रिया कळतात का, एवढंच बघतात. हवेच्या प्रवाहाची गणितं करणाऱ्या विभागात एरोनॉटिकलवाल्यांना झुकतं माप मिळतं, आणि ते रास्तच आहे. कागदपत्रांचा मात्र कंटाळा असेल तर आत्ताच विचार करा. मापात चोख बसलेला भाग, पण हीट ट्रीटमेंटचा दाखला सापडत नाही, तर तो विमानात जात नाही. दाखला मिळेपर्यंत बाजूला, नाहीच मिळाला तर बहुधा भंगारात.