फाईलमध्ये २३ प्रमाणपत्रं, आणि शिबिराला परवानगी नाही

प्रश्न : माझी मुलगी साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय भौतिकशास्त्र, गुण ७० टक्क्यांच्या आसपास. ती हॉस्टेलला, आम्ही गावी. कॉलेजच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं : आविष्कार, युवा महोत्सव, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिर, वेबिनार, प्रश्नमंजूषा. ऑनलाइन असेल ते मी माझ्या नंबरवरून भरतो, म्हणजे लक्ष राहतं. आतापर्यंत २३ प्रमाणपत्रं झाली. मुक्कामाचं असेल तर नको म्हणतो. पण तिला कशातच उत्साह नाही. सुट्टीत घरी आली की सौरपंपाची पॅनेलं पुसत बसते आणि पाणी किती आलं ते वहीत लिहिते. येत्या वर्षात तिने कशाकशात भाग घ्यावा, याची यादी द्यावी.
– एक पालक, ता. माण

उत्तर : गुणांची काळजी नको. काळजी वाटली ती तुमच्या दोन वाक्यांची. ‘माझ्या नंबरवरून भरतो’ आणि ‘मुक्कामाचं असेल तर नको’. तुमच्या पत्रात मुलीने स्वतः निवडलेला एकही कार्यक्रम नाही. सगळे फॉर्म वडिलांनी भरायचे आणि उत्साह मात्र मुलीने दाखवायचा, ही अपेक्षा बरोबर नाही. तिने स्वतःहून केलेलं एकच काम पत्रात आहे, पॅनेल पुसण्याचं, आणि तेही तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय.

आधी नंबरचं. निवड झाल्याचा निरोप, सादरीकरणाची वेळ, ओटीपी, सगळं तुमच्या फोनवर येतं. तुम्ही रानात असता, रेंज नसते, आणि साताऱ्यात तिची वेळ टळून जाते. ईमेल आणि मोबाइल तिचाच हवा, आधारशीही तिचाच नंबर जोडून घ्या. फॉर्मवरचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे अगदी तसंच असावं. हे आठवड्याभरात उरकता येईल.

आता मोठा गैरसमज. प्रमाणपत्रांची संख्या वाढली की मुलगी पुढे जाते, असं असंख्य पालकांना वाटतं. दहा प्रश्नांवर टिचकी मारून लगेच ईमेलवर येणारं प्रमाणपत्र जॅममध्ये, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत, मोजलं जात नाही. एमपीएससीत लेखी परीक्षेचे आणि मुलाखतीचे गुण धरतात, फाईलची जाडी नाही. ज्या कागदांना खरंच वजन आहे, त्यांच्यामागे ठरलेले तास आणि कामगिरी असते. एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्रावर सैन्यात विशेष प्रवेशाची वाट आहे, पण ते तीन वर्षांचं काम आहे आणि पहिल्या वर्षी नाव नोंदवलं नसेल तर आता उशीर झाला. शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण ठरावीक स्पर्धांतल्या ठरावीक कामगिरीवरच मिळतं. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर लागतं. तास भरले आणि शिबिर चुकलं, तर प्रमाणपत्र अडतं. म्हणजे मुक्कामाला नाही म्हणून तुम्ही नेमकं किमतीचं तेच नाकारताय आणि बिनकिमतीचं गोळा करताय.

मुलीची काळजी वाटणं मला समजतं. शिबिर दत्तक गावात असतं, सोबत कार्यक्रम अधिकारी असतात. मुलींची राहण्याची जागा कुठे, सोबत शिक्षिका कोण, जवळचा दवाखाना कोणता, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा. एखाद्या संध्याकाळी जाऊन भेटून या. पण पाठवा.

आणि आविष्कार. ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. निवडफेऱ्या साधारण हिवाळ्यात होतात, म्हणून विषय पावसाळ्यातच ठरायला हवा. साताऱ्यात काही कॉलेजं शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर काही कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. तिला ज्या विद्यापीठाचं परिपत्रक लागू आहे, तेच पाहा. या स्पर्धेतली पोस्टर फसतात ती एकाच कारणाने : इंटरनेटवरून उचललेला मजकूर भरपूर, स्वतः घेतलेला आकडा एकही नाही.

तुमच्या मुलीकडे विषय आहे, पॅनेलवरच्या धुळीचा, आणि वहीही आहे. मात्र पाण्याच्या नोंदींवरून धुळीचा परिणाम सिद्ध होणार नाही, कारण विहिरीची पातळी आणि त्या दिवशीचं ऊन यांनीही पाणी कमीजास्त होतं. त्यासाठी १० वॅटची दोन सारखी छोटी पॅनेलं घ्यावीत आणि एकाच कोनात, शेजारी शेजारी बसवावीत. पहिले तीन दिवस दोन्ही स्वच्छ ठेवून मोजावीत, म्हणजे त्यांच्यात मुळातला फरक किती ते कळतं. मग एक रोज पुसायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही. तीन आठवडे, दुपारी १२ वाजता.

इथे बहुतेक मुलं फक्त व्होल्टेज मोजतात आणि ‘धुळीने काही फरक पडत नाही’ असं लिहून मोकळी होतात. धुळीने ऊन अडलं तरी व्होल्टेज फारसं उतरत नाही, उतरतो तो करंट. या आकाराच्या पॅनेलचं मोकळं व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेलं) २१ च्या आसपास असतं, शॉर्ट सर्किट करंट (पॅनेलच्या दोन्ही तारा थेट मीटरला लावून मोजलेला) अर्ध्या अँपिअरच्या थोडा वर. मोजायचा तो करंट, आणि रोज दोन्ही पॅनेलांचं गुणोत्तर काढायचं. ढगाळ दिवस आला तरी तुलना टिकते. हे सगळं छोट्या पॅनेलांवरच. पंपाची पॅनेलं ओळीने जोडलेली असतात, तिथे शेकडो व्होल्ट डीसी असू शकतं. त्या तारांना हात लावायचा नाही.

याच कामाच्या जोरावर तिला देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीला अर्ज करता येईल. निवड झाली तर दोन महिने एखाद्या संशोधन संस्थेत राहून काम करायचं. अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत घेतात, कोणत्या वर्षाचे विद्यार्थी चालतात ते जाहिरातीत पाहावं. त्यात थोडक्यात टिपण आणि शिक्षकांची शिफारस लागते. शिफारस शेवटच्या दोन दिवसांत मागितली की दोन ओळींची मिळते, म्हणून सरांना दिवाळीआधी वही दाखवावी. शिष्यवृत्ती मिळाल्यावर घरून ‘एकटी नको’ येणार असेल, तर मग अर्जच करू नये.

जॅम फेब्रुवारीत असते, ६० प्रश्न, १०० गुण. त्याचा अभ्यास तिसऱ्या वर्षात होईल. युवा महोत्सवात जायचं की नाही, ते तिला विचारा.

तर यादी एवढीच : शिबिर, आविष्कार, उन्हाळी शिष्यवृत्ती. वेबिनार बंद. पॅनेलं घरी आणि मुलगी साताऱ्यात, त्यामुळे कॉलेजच्या दिवसांत १२ वाजताची नोंद तुम्हालाच घ्यावी लागेल. मल्टीमीटरची लाल वायर करंटसाठी १० अँपिअरच्या भोकात घालतात आणि व्होल्टेज मोजण्याआधी तिथून काढतात. हे तिच्याकडून समोर बसून शिकून घ्या, आणि आकडा आला की तिला फोन करा.