घरी ६ इंची परावर्तक दुर्बीण बनवताना डिझाइनमध्ये अडायला कुठे होतं?

तुम्ही विचारलंय की घरी घासलेला ६ इंची एफ/८ (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरसा तयार आहे, आता नळी आणि बाकीची रचना करताना काय सांभाळायचं. मी साताऱ्यात अशीच दुर्बीण बनवली. माझ्या मते सगळ्यात अवघड आहे ते आरसा नीट धरून ठेवणं.

डिसेंबर २०२४ मध्ये गुरू रात्रभर आकाशात होता. यवतेश्वरच्या घाटात दुर्बीण लावली, आधी शेजारच्या रोहिणीवर फोकस केला, तर तारा तीनकोनी! वाटलं, महिनोन् महिने घासलेला आरसा वाया गेला. दोष निघाला क्लिपांचा. आरसा हलू नये म्हणून तिन्ही क्लिपा मी गच्च आवळल्या होत्या आणि २५ मिमी जाड काचसुद्धा तेवढ्याने वाकली होती. प्रकाशाच्या लहरीच्या अंशाइतकंच, पण आरसा बिघडायला तेवढं पुरतं. बॅटरीच्या उजेडात एकेक स्क्रू अर्धा आटा सैल केला आणि तारा गोल झाला. तेव्हा क्लिप आणि काच यांच्यात कागद सहज सरकेल एवढी फट ठेवाच. खालून आधार तीन ठिकाणी, १२० अंशांवर. एवढ्या जाड काचेला ते पुरतात.

फोकसर, म्हणजे आयपीस (डोळा लावायचं भिंग) धरून मागे-पुढे सरकवणारा भाग, बसवायला नळीला भोक पाडायची घाई करू नका. हिशेबात नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा स्पष्ट उमटते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी असलं तरी हाताने घासलेल्या आरशात थोडा फरक पडतोच. चंद्राची प्रतिमा कागदावर घ्या, टेपने मोजा. समजा १२०० च भरलं. नळीची त्रिज्या १०० आणि फोकसरची उंची ७० धरली, तर तिरपा आरसा (प्रकाश बाजूला फोकसरकडे वळवणारा छोटा आरसा) या दोन्हींची बेरीज वजा जाऊन मुख्य आरशापासून १०३० मिमीवर येतो. तिथे प्रकाशाचा शंकू २१ मिमी रुंद असतो, पण कडेचे तारे मंद पडू नयेत म्हणून तिरपा आरसा ३० ते ३५ मिमीचा घ्या. फोकसर बुटका मिळाला तर याहून लहानही चालतो.

नळीसाठी पीव्हीसी पाइप जड होतो, म्हणून त्याऐवजी मी सुताराकडून प्लायची चौकोनी पेटी करून घेतली. आरशामागची बाजू उघडी ठेवा. घरातून थंडीत नेलेला आरसा निवायला तासभर लागतो, तोवर ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा थरथरतो.

वर-खाली फिरण्याचा आस मात्र आयपीस आणि शोधक दुर्बीण (नेम धरायची छोटी दुर्बीण) बसवल्यावरच ठरवा. पेटी काठीवर आडवी तोलून धरा, जिथे तोल साधेल तिथेच खूण करा. फिरणाऱ्या भागांत सनमायकावर टेकतील असे टेफ्लॉनचे तुकडे लावले की बोटाने ढकलली तरी ती सरकते आणि सोडली तिथे थांबते.