इंडीकारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कार शर्यतींच्या मालिकेत, मोसमाअखेर दोघांचे गुण सारखे झाले तर विजेता कोण? असं कधी झालंय का?

हो, 2006 साली झालंय. शेवटच्या शर्यतीनंतर सॅम हॉर्निश ज्युनियर आणि डॅन व्हेल्डन, दोघांचेही 475 गुण! अशा वेळी कोणी जास्त शर्यती जिंकल्या ते बघतात. हॉर्निशच्या 4, व्हेल्डनच्या 2. म्हणून विजेतेपद हॉर्निशला. तिसरा कॅस्ट्रोनेव्हेस फक्त 2 गुणांनी मागे.

व्हेल्डनसाठी मला आजही वाईट वाटतं. मोसमाची पहिली शर्यत त्याने जिंकली, शिकागोलँड ट्रॅकवरची शेवटचीही जिंकली, आणि तरी हाती काहीच लागलं नाही. इंडियानापोलिस 500 या मालिकेतल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत तर 200 पैकी 148 फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढे होता, पण आला चौथा.

ती शर्यत हॉर्निशने मारली, आणि तीही कशी! पिटमधून (इंधन-टायरसाठी थांबायच्या जागेतून) निघताना इंधनाची नळी गाडीला तशीच अडकलेली, त्याची शिक्षा भोगून तो मागे पडलेला. तिथून भरून काढत शेवटच्या सरळ पट्ट्यावर त्याने 19 वर्षांच्या मार्को आंद्रेत्तीला गाठलं आणि 0.0635 सेकंदांनी मागे टाकलं. ते शेवटचे काही क्षण एकदा तरी बघाच.