हळद खा, पण तपासणी टाळू नका

हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या घटकावरचे वाचकांचे प्रश्न थांबत नाहीत, म्हणून या वेळी तेवढेच घेतो.

रोज रात्री हळदीचं दूध घेतलं तर चालेल का? (महाल)
चालेल. साखर घालू नका.

वायगावच्या हळदीत कर्क्युमिन जास्त असतं. ती खाऊन शुगरची गोळी सोडता येईल? (धरमपेठ)
नाही. तिच्यात कर्क्युमिन सहा टक्क्यांच्या आसपास, एरवीच्या हळदीत साधारण तीन, हे खरं. पण ते आतड्यातून रक्तात फारसं शिरतच नाही. कर्क्युमिननं मधुमेह टळतो म्हणून सगळे थायलंडची २०१२ची चाचणी दाखवतात. ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांची होती, तीही कॅप्सूलची. भाजीतल्या चिमटीची नव्हे. गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आईचे गुडघे दुखतात. मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल द्यावी का? रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. (नंदनवन)
हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. 'वीसपट शोषण' हा डब्यावरचा आकडा १९९८च्या, मोजक्या निरोगी माणसांवरच्या अभ्यासातला. मिरीतलं पाइपरिन इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, हे डब्यावर कोण छापणार? अशा कॅप्सूलनी यकृताला सूज आलेले रुग्णही नोंदले गेले आहेत. डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे.

भावाच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. खर्रा कमी केलाय, हळद-मध लावतोय. हळद कॅन्सरवर चालते ना? किती दिवस लावावी? (पाचपावली)
एकही दिवस नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिननं कॅन्सरच्या पेशी मरतात. बशीत पुष्कळ गोष्टींनी मरतात. माणसाच्या गालात तसं होतं, असं सिद्ध झालेलं नाही. शिवाय हळदीनं चट्टा पिवळा होतो आणि तपासणाऱ्यालाही नीट दिसत नाही. खर्रा 'कमी' करून भागत नाही, पन्नीत घोटलेल्या त्या सुपारी-तंबाखू-चुन्याची एक पुडीही नको. भावाला आरशासमोर उभं करा. तोंडात तीन बोटं उभी जातात का? तिखट झोंबतं का? 'आता सावजी झेपत नाही, वय झालं' म्हणणारे तिशीतले लोक माझ्याकडे येतात. ते वय नव्हे, गाल आतून कडक होतोय. दोन आठवड्यांत न गेलेला चट्टा किंवा फोड डॉक्टरांना दाखवायचाच. त्यांनी सांगितलं तर तुकडा काढून तपासायचा. 'तुकडा काढला की पसरतो' ही पानठेल्यावरची अक्कल. पसरतो तो वाट पाहण्यानं. याच आठवड्यात नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत न्या.

सुटी हळद भेसळीची असेल का? (इतवारी)
असू शकते. हळकुंडं आणून दळून घ्या. फार चकचकीत पिवळी मात्र नकोत, शिशाचा रंग चढवलेला असू शकतो.