नाल्याचं पाणी आणि न येणारा वाफसा

प्रश्न : जालन्याच्या पुढे नाल्याकाठी आमची काळी भारी जमीन आहे. दिवाळीनंतर विहीर तळ गाठते, म्हणून सात-आठ वर्षांपासून नाल्यात मोटार टाकून शहराचं सांडपाणी देतो. आधी युरियाशिवाय कापूस कमरेच्या वर जायचा. आता पाणी वावरात तुंबतं, वाफसा येत नाही, वाळलं की पापडी धरते. बांधाला मेथी-कोथिंबीरही करतो. जिप्सम टाकावं का?
— एक शेतकरी, जालना तालुका

उत्तर : भाऊ, जिप्सम लागेल असं तुमच्या लक्षणांवरून वाटतं. पण पोती आणण्याआधी एक करून पाहा. वावरातलं वाळलेलं छोटं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा बॅटरीत भरायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. ढेकूळ नुसतं फुटून खाली बसलं तर ठीक. दोन-चार तासांत भोवती दुधासारखा गढूळपणा पसरला, तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेली, होऊ लागली आहे.

कापूस वाढला तो खोटा नव्हता. सांडपाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र धरलं, तर एकराला दोन लाख लिटरच्या एका पाळीतून ८ किलो नत्र जातं, म्हणजे साधारण १७ किलो युरिया. पण त्याच पाण्यात साबण, धुण्याची पावडर आणि मिठातला सोडियमही येतो. काळ्या मातीचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून राहतात. त्याची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी वरच राहतं. विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण समजतात, पण आपल्या भारी जमिनी त्याच्या बऱ्याच आधी बिघडतात. म्हणून माती तपासताना नत्र-स्फुरद-पालाशवर थांबू नका. सामू (पीएच), क्षारता आणि विनिमययोग्य सोडियमचा आकडा मागून घ्या, पाणीही तपासा. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या विद्यापीठात विचारा.

जिप्सममधलं कॅल्शियम कणांना चिकटलेला सोडियम सोडवतं. ते किती टाकायचं, ते अहवालावरून ठरेल. ते मृगाच्या आधी मातीत मिसळा आणि त्याआधी उताराला चर काढा. सुटलेला सोडियम पावसाने धुऊन बाहेर गेलाच पाहिजे, चर नसेल तर पैसे मातीत जातील. सोबत शेणखत द्या, ढैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून गाडा. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असतेच, कुजताना निघणारी आम्लं तिच्यातलं कॅल्शियम मोकळं करतात. पुढेही नाल्याचं पाणी सलग देऊ नका. विहिरीला पाणी आहे तोवर पाळी आलटून-पालटून द्या. मात्र विहिरीचं पाणीही तपासून घ्या, नाल्याकाठच्या विहिरी खारवट निघतात.

मेथी-कोथिंबिरीचं मात्र मी गोड बोलणार नाही. ती या पाण्यावर बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाण्याच्या पिकांसाठी घातलेली मर्यादा होती लिटरला जंताचं फार तर एक अंडं आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले १,००० जिवाणू. प्रक्रिया न झालेलं पाणी त्यात बसत नाही आणि कोथिंबीर तर आपण कच्चीच वरून भुरभुरतो. नाल्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर पालेभाजीत शिसं, कॅडमियमही उतरतं, ते धुऊन जात नाही. तिथे कापूसच ठेवा. पाणी धरणाऱ्याला गमबूट द्या, घरी आल्यावर साबणाने हातपाय धुवा आणि लेकरांना जंताचं औषध कधी द्यायचं ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.