वाचकांचे प्रश्न : परसबागेतला बटाटा

प्रश्न : घरातल्या टोपलीत बटाट्यांना कोंब फुटले की मी ते कुंडीत पुरते. झाडं टवटवीत येतात, पण खाली सुपारीएवढे चारच बटाटे. बेणं वेगळं आणायलाच हवं का? (वाचक, पुणे)

शक्य असेल तर हो. खायच्या बटाट्यालाही झाड येतं, पण त्याची जात माहीत नसते आणि त्यात विषाणू असू शकतो. मावा नावाची रस शोषणारी बारीक कीड हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि तेच बटाटे पुन्हा पुन्हा लावले की दर पिढीत रोग वाढतो. पानं आकसतात, झाड खुजं राहतं. खेड-मंचर भागातले शेतकरी स्वतःकडे पीक असूनही पंजाबचं बेणं विकत घेतात ते यासाठीच. तिकडे थंडीच्या काही आठवड्यांत मावा फारच कमी असतो, त्यामुळे बेणं निरोगी निघतं.

बेणं गोणीने विकलं जातं. दोन-तीन शेजारी मिळून घ्या किंवा लागवड चालू असलेल्या शेतकऱ्याकडे दोन किलो मागा. कुफरी लवकर, कुफरी पुखराज, कुफरी ज्योती या जातींपैकी जी मिळेल ती चालेल. त्यातली ‘लवकर’ आपल्या पठारी हवामानाला चांगली मानवते.

आणलेलं बेणं लगेच पुरू नका. शीतगृहातलं असेल तर आठ-दहा दिवस सावलीत, पण उजेडात पसरा. अंड्यांचा ट्रे यासाठी फार सोयीचा. अंधाऱ्या टोपलीतले कोंब पांढरे, लांब, हात लागताच मोडणारे असतात. उजेडातले मात्र हिरवट-जांभळे आणि जाडजूड होतात. ते एक सेंटिमीटरचे झाले की लावा.

प्रश्न : जुलैत बटाट्याच्या फोडी लावल्या, सगळ्या कुजल्या. (वाचक, सातारा)

पावसाळ्यात फोडी करूच नयेत. कोंबडीच्या अंड्याएवढा बटाटा अख्खा लावावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागवडीत फोडी चालतात. फोड ३० ते ४० ग्रॅमची हवी आणि तिच्यावर दोन-तीन डोळे हवेत. बटाटा हातात घेऊन नीट पाहा : एका टोकाला झाडापासून तुटल्याची लहानशी खूण असते, दुसऱ्या टोकाला डोळ्यांची दाटी. जोमदार कोंब या दाटीतूनच येतात. म्हणून आडवा न कापता उभा कापा, म्हणजे प्रत्येक फोडीला त्यातले डोळे मिळतील.

आत तपकिरी कडं दिसलं तर तो बटाटा फेकून द्या आणि सुरी उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय पुढचा कापू नका. फोडी एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक घालून दहा मिनिटं बुडवा (हातमोजे घालून), मग हवेशीर सावलीत दोन-तीन दिवस पसरून ठेवा. कापलेली बाजू कोरडी, किंचित चामड्यासारखी झाली की ती कुजत नाही. उन्हात मात्र वाळवू नका, फोडी सुरकुततात.

प्रश्न : ग्रो बॅगेत लावायची पद्धत सांगा. भर नेमकी कधी आणि का घालायची? (वाचक, नाशिक)

‘का’ आधी समजून घ्या, बाकीचं आपोआप सुचतं. बटाटा हे मूळ नाही. जमिनीखालच्या खोडातून आडवे, पांढरे धागे निघतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटा होतो. हे धागे उजेडात आले तर तिथे पानं फुटतात, बटाटा धरत नाही. भर घालायची, म्हणजे खोडाभोवती माती चढवायची, ती खोडाचा हा भाग अंधारात राहावा म्हणून.

१५ इंच रुंद आणि तितकीच उंच बॅग घ्या. तळाला भरपूर भोकं हवीत. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. ताजं शेण किंवा भरपूर राख घातली तर सालीवर खरबरीत खवले येतात, तेव्हा ही दोन्ही टाळा. अर्धी बॅग भरून दोन, फार तर तीन बेणी कोंब वर करून ठेवा आणि वर सात सेंटिमीटर माती घाला. वाफ्यात लावत असाल तर दोन सऱ्यांत ४५ ते ६० आणि दोन बेण्यांत २० सेंटिमीटर अंतर ठेवा.

उगवेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. झाड वीतभर झालं, साधारण २५ ते ३० दिवसांनी, की शेंड्याची पानं मोकळी ठेवून भर घाला. पंधरा दिवसांनी पुन्हा. या काळात पाण्याचा ताण पडू देऊ नका. एकदा सुकवून मग भरपूर पाणी दिलं की बटाटे तडकतात किंवा त्यांना गाठी येतात. मातीला भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बुजवा. पाकोळी (बटाट्यावरचा लहान पतंग) याच भेगांतून उघड्या बटाट्यावर अंडी घालते आणि अळी आत शिरून पोखरते.

प्रश्न : फेब्रुवारीत लावलेली झाडं कमरेएवढी झाली, खाली काहीच नाही. (वाचक, ठाणे)

बटाटा धरायला रात्री थंड लागतात, साधारण १५ ते २० अंश. मार्चमधल्या ठाण्याच्या रात्री त्याला फार उबदार. झाड मग सगळी ताकद पाल्यात घालतं आणि वरून युरिया दिला असेल तर अधिकच. किनारपट्टीला नोव्हेंबरच्या मध्यात लावा, म्हणजे बटाटे धरण्याचा काळ डिसेंबर-जानेवारीत येईल. तरीही पठाराएवढं पीक धरू नका.

प्रश्न : ढगाळ हवेत पानांवर काळे डाग आले. औषध कोणतं? (वाचक, मंचर)

आधी सकाळी पान उलटून पाहा. डाग पाणी शिंपडल्यासारखा ओला आणि मागे पांढरी बुरशी असेल तर तो उशिरा येणारा करपा. तो चार-पाच दिवसांत सगळं झाड बसवतो. रोगट पाला तोडून बागेबाहेर टाका आणि मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूलाही बसेल असं फवारा. कोरड्या डागात एकात एक वर्तुळं असतील तर तो लवकर येणारा करपा. औषध तेच, घाई तेवढी नाही.

प्रश्न : काढणी कधी? हिरवे झालेले बटाटे खावेत का? (वाचक, कोल्हापूर)

जातीप्रमाणे ८० ते १०० दिवसांत पाला पिवळा पडतो. तेव्हा पाणी तोडा, पाला जमिनीलगत कापा आणि आठ-दहा दिवस थांबा. एक बटाटा उकरून अंगठ्याने घासा. साल सुटली तर अजून थांबा. काढलेले बटाटे रात्रभर उघड्यावर ठेवू नका, पाकोळी तिथेही येते. त्यांच्यावर त्यांचाच पाला तर मुळीच झाकू नका.

हिरवे खाऊ नका, मुलांना तर नकोच. उजेड लागला की सालीत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं आणि ते शिजवूनही जात नाही. हिरवे बटाटे बाजूला ठेवा, निरोगी झाडाचे असतील तर बेण्याला उत्तम.